नको तर नको

माझ्या लेकीच्या अंगात जन्मापासूनच इन्सुलिन जास्त बनतं. जेवण जरा लांबलं की रक्तातली साखर घसरायची आणि पोर लुळी पडायची. त्यामुळे ताटावर राज्य तिचंच. तिने तोंड फिरवलं की आम्ही नाकदुऱ्या काढायचो, सासरे तर घोडा होऊन घरभर फिरायचे.

आता पेप्टाइडचं नवं इंजेक्शन सुरू झालंय आणि साखर जागची हलत नाही. एखादं जेवण चुकलं तरी चालेल, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. आज दुपारी तिने ताट ढकललं. "नको!"

"नको तर नको." इतर आया रोज म्हणतात ते मी पहिल्यांदाच म्हणाले आणि ताट उचललं.

सासरे घोडा व्हायला निघालेच होते. "बाबा, बसा. गुडघे सांभाळा." तिच्या दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा मी त्यांना मोबाइलवर दाखवला. आकडा ठणठणीत होता.

तिने पाय आपटले, भोकाड पसरलं, दाराआड रुसून बसली. कुणीच गेलं नाही.

बऱ्याच वेळाने ती पोट धरून, घाबरलेल्या चेहऱ्याने स्वयंपाकघरात आली. "आई, इथे काहीतरी होतंय."

"काही नाही गं," मी ताट पुढे केलं. "त्याला भूक म्हणतात."