शेवटची ओळ

पक्ष

तात्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली, पण कातरली नाही.

"निकाल लागला. आता पुढे काय घेणार, बोला दोघं."

मधू मागल्या वर्षी गणितात राहिला होता, म्हणून थोरला भाऊ आणि धाकटी बहीण एकाच वर्षी मॅट्रिक झाली. वर्षभर शरयूनेच त्याच्याकडून गणितं करून घेतली होती.

"बघतो तात्या, सांगलीला गेल्यावर," मधू म्हणाला.

"बरोबर आहे. तिथे चार प्राध्यापक भेटतील, चार मुलं भेटतील, मग कळतं. आणि तू गं?"

शरयूला गणित आवडत होतं. संस्कृतही आवडत होतं. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याशी खोटं बोलल्यासारखं वाटे.

"अजून ठरलं नाही."

"मग घाई काय आहे? आधी ठरव. मुलीला पाठवायचं म्हणजे कशाला पाठवतोय हे चार लोकांना सांगता आलं पाहिजे."

सुपारी कातरली गेली.

साध्य

ठरवायचं.

शरयूने दिवसभर संस्कृत व्याकरणाचं पुस्तक मांडीवर ठेवलं आणि उघडलं नाही. संध्याकाळी ती ते घेऊन शेजारच्या मनुबाईंकडे गेली. त्यांची मुलगी पुढल्या वर्षी मॅट्रिकला बसणार होती.

"अगं, तुला नको का?" मनुबाई म्हणाल्या. "केवढं जपलं होतंस."

"नको. माझं ठरलंय."

घरी येईपर्यंत हात मोकळे मोकळे वाटत होते. तात्या झोपाळ्यावर होते.

"तात्या, गणित."

झोपाळा थांबला.

"नक्की?"

"नक्की."

"वा," तात्या म्हणाले. खूश झाले होते, ते स्पष्ट दिसत होतं. "फार बरं झालं. मला हीच काळजी होती. मधूला सायन्सला घालायचं मनात आहे, पण गणित त्याला झेपायचं नाही. आता तू बरोबर असशील. नाहीतरी बिऱ्हाड करायचं तर रांधायला कोणीतरी हवंच. खानावळीचं त्याला सोसत नाही."

शरयू उभीच राहिली.

"आणि माझं कॉलेज?"

"तिथेच असणार आहेस की. यंदा त्याचं मार्गी लागू दे, पुढच्या वर्षी तुझं बघू."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"तिला विचारलंत का काही?"

"विचारलं ना," तात्या म्हणाले. "गणित म्हणाली."

रचना

सांगलीत गावभागात एक खोली. एक चूल, दोन पाट, मधूची कॉट, शरयूची वळकटी. खिडकीतून कृष्णेचा वारा यायचा आणि चूल धुमसायची.

(इथे कॉलेजची इमारत काढायला हवी. पण शरयूने ती पाहिली नाही. मधू सायकलवरून जायचा त्या रस्त्याचं पहिलं वळण तिला माहीत होतं.)

लढाईमुळे कागद मिळत नव्हता. जो मिळे तो मधूच्या वह्यांना. शरयू चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर रांगोळीने त्याचं गणित मांडायची. एका हाताने पोळी उलटायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून आकडे. परवलय काढताना तिची रेघ कुठे तुटत नसे. शेवटची ओळ मात्र ती मुद्दाम सोडून द्यायची.

"एवढी तू कर."

"तूच लिही ना. उशीर होतोय."

"एवढी एक."

कधी तो करायचा. बहुतेक वेळा वरचं उतरवून घेऊन निघून जायचा, आणि सारवेपर्यंत ती ओळ तशीच मोकळी राहायची.

दूध घालायला साळूबाई यायची. पहिल्या दिवशी ती दारातच थबकली.

"आवं ताई, ही कसली रांगोळी म्हनायची? लय वाकडीतिकडी हाय."

"गणिताची आहे."

"आसंल. तुमच्यात आसंल." तिने लुगडं वर धरलं आणि भिंतीला अंग घासत कडेकडेने आत आली. "न्हाई, पाय पडाय नको. कुनाची का आसंना."

मग रोज ती तशीच यायची.

सिद्धता

वार्षिक परीक्षेत मधू गणितात नापास झाला. परीक्षेच्या हॉलमध्ये जमीन फरशीची होती, असं तो हसत म्हणाला. शरयूही हसली, कारण तोवर तिला पुढचं माहीत नव्हतं.

तो जेवायला बसला तेव्हा पाटासमोर एक गणित मांडलेलं होतं. पुन्हा परीक्षेला बसायचं तर आतापासूनच, म्हणून.

"ऐक," मधू वरणात भात कालवत म्हणाला, "मी सायन्स सोडतोय. जूनपासून आर्ट्‌स. तात्यांना लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं. हो म्हणाले. म्हणाले, ठरायला वेळ लागतो मुलांना."

"आर्ट्‌सला काय घेणार?"

"संस्कृत घ्यावं म्हणतो. सोपं असतं म्हणे. तुझं ते व्याकरणाचं पुस्तक होतं ना?"

शरयूने त्याला ताक वाढलं.

"दिलं मी ते."

"कुणाला? विचारलं तरी असतंस."

"बरं. उद्या जास्त रांगोळी आणीन मी. जमिनीवरच मांडू," ती म्हणाली, मग थांबली. संस्कृतला जमीन लागत नाही.

"नको, तेच सांगायचंय. तात्या म्हणतात, आता गणित नाही तर बिऱ्हाडाचा खर्च कशाला. मी खानावळीत जेवेन. सोसतंय आता. तू शनिवारच्या गाडीने सातारला घरी जा." त्याने ताक पिऊन वाटी खाली ठेवली. "वाईहून कोणी तुला बघायला यायचेत म्हणे. आईने कळवलं असेल तुला."

"नाही कळवलं."

"मग कळवेल."

तो उठला. हात धुवायला जाताना त्याची टाच गणितावरून गेली आणि एक बरोबरीचं चिन्ह पुसलं गेलं. सायकल जिन्यावरून खाली गेल्याचा आवाज आला.

साळूबाई दारात दुधाची चरवी घेऊन उभी होती.

"येऊ का ताई?"

"थांबा थोडं."

शरयू खाली बसली. बरोबरीचं चिन्ह पुन्हा काढलं. मग रोज सोडायची ती शेवटची ओळ लिहिली, सावकाश, अक्षर न बिघडवता.

"झालं व्हय?" साळूबाईने विचारलं.

"झालं."

तिने बादलीत शेण कालवलं आणि चुलीपासून सारवायला सुरुवात केली. गणितावरून हात फिरला तेव्हा तो थांबला नाही. ती मागे मागे सरकत आली. सगळी जमीन ओली झाली, तेव्हा तिला उभं राहायला उंबऱ्याबाहेर, साळूबाईशेजारी, तेवढी जागा उरली होती.