जीभ वर करा

श्यामलाबाईंनी चौतीस वर्षं वॉर्डात औषधं दिली. टायफॉइडला तेव्हा सगळे मुदतीचा ताप म्हणत. गोळी दिली की त्या खाटेजवळून हलत नसत. "तोंड उघडा. जीभ वर करा." गालात गोळी दडवणारे त्यांनी कितीतरी पकडले. त्यांच्यापुढे तालमीतले पैलवानही मुकाट्यानं आ करत.

घरी मात्र त्यांनी असं कधी केलं नाही. नवऱ्याला कुणी आ करायला लावतं का?

दीनानाथांना टायफॉइड निघाला. डॉक्टरांनी चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ गोळी दिली. श्यामलाबाई गोळी आणि पाणी नवऱ्याच्या हातात ठेवून ओट्याकडे वळत. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि दीनानाथांचे मित्र बापूराव पुन्हा त्यांच्या कसब्यातल्या दोन खोल्यांत बुद्धिबळाला येऊ लागले.

तिसऱ्या आठवड्यात ताप परतला, सोबत खोकला घेऊन. उजव्या कुशीत कळ, दोन पायऱ्यांत धाप. दवाखान्यात छातीचा फोटो काढला, तर फुप्फुसाभोवती पाणी. डॉक्टर अस्मितांनी त्यांना दाखल करून घेतलं आणि थोडं पाणी सुईनं काढून तपासायला पाठवलं.

"टायफॉइडच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या?"

"सगळ्या," दीनानाथ म्हणाले.

"माझ्या हातानं दिल्यात," श्यामलाबाई ठामपणे म्हणाल्या. "मी नर्स होते."

"मग हा टायफॉइड नसावा. या वयात असं पाणी म्हणजे क्षयाचा संशय आधी. उद्या ती औषधं सुरू करू."

श्यामलाबाई दीनानाथांचा स्वेटर न्यायला घरी आल्या. वेळ जावा म्हणून बुद्धिबळाची पेटीही उचलली, तर आत काहीतरी खुळखुळलं. सोंगट्यांखाली गोळ्या होत्या. अठरा. काही ओल्या होऊन वाळलेल्या.

बापूराव चौकशीला दारात उभेच होते. पेटी पाहून त्यांनी मान खाली घातली.

"वहिनी, मीच म्हटलं त्याला. ताप गेल्यावर कशाला मूत्रपिंडं जाळायची? रोज काढा आणत होतो."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"तो म्हणाला, श्यामलाला कळलं तर घरात वॉर्ड भरेल."

श्यामलाबाईंनी फोन उचलला. "डॉक्टर, मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, पण खोटंच. त्यांनी पाचच दिवस गोळ्या घेतल्यात."

"बरं झालं बोललात. क्षयाची औषधं आता सुरू करत नाही. टायफॉइडचंच इंजेक्शन आज सुरू करू."

दोन दिवसांनी त्या पाण्यात टायफॉइडचेच जंतू वाढलेले दिसले. बरगड्यांत नळी घालून उरलेलं पाणी काढलं. शिरेतून इंजेक्शनं चालू राहिली, आणि दहाव्या दिवशी धाप ओसरली.

"रागावलीस?" दीनानाथांनी खाटेवरून विचारलं.

"बेचाळीस वर्षं माझ्या हातचं खाताय. त्यातलं नेमकं औषध तेवढं नको झालं."

"अगं, बापूराव म्हणाला..."

"हो ना. ते बँकेत होते. त्यांना जास्त कळतं."

घरी आल्यावर शेवटचे काही दिवस गोळ्या होत्या. पहिल्या सकाळी दीनानाथांनी गोळी तोंडात टाकली, घोट घेतला आणि वर्तमानपत्र उघडलं. श्यामलाबाई ओट्याकडे वळल्या नाहीत.

"तोंड उघडा."

"अगं, आपल्या घरात..."

"जीभ वर करा."

त्यांनी केली. जिभेखाली काही नव्हतं. तरी श्यामलाबाईंनी दोन्ही गाल बघितले, मगच पेला उचलला.