एकोणसत्तरचा दम

आमच्या जीपला तिच्या मॉडेलच्या आकड्यावरून सारा मुलूख ‘एकोणसत्तर’ म्हणतो. रशियन बनावटीची, माझ्या सासऱ्यांच्या वेळची, कधीकाळी हिरवी. तिच्या पेट्रोलच्या दोन टाक्यांपैकी डावी गंजून गेली, मागचं दार दोरीने बांधलंय, आणि तरी माझा नवरा गोंबो घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा तिच्याशी जास्त गोड बोलतो. यावरून मी तोंड वाजवलं की म्हणतो, "ओयुन, तू आपोआप चालू होतेस. तिची मनधरणी करावी लागते."

यंदा गवत पिवळं पडायला लागलं आणि मनधरणीही पुरेनाशी झाली. एकोणसत्तर आमच्या गेरच्या, म्हणजे लोकरी तंबूच्या, दारातून झोकात निघायची, माळ ओलांडायची, खिंडीचा चढ लागला की दोनदा खोकायची आणि बंद. जरा खाटखूट केली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. थोडं पुढे गेलं की पुन्हा तोच खोकला. आमची हिवाळ्याची जागा त्या खिंडीच्या पलीकडे आहे आणि डॉक्टर अलीकडे. एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं, पण या वर्षी सासूबाईंचा सगळा हिवाळा त्या खोकल्याला टांगलेला होता.

गेल्या हिवाळ्यात शेण गोळा करताना सासूबाईंना चक्कर आली. माझे मोठे दीर त्सेवेन शहरातून धावत आले आणि आईला महिनाभर आपल्या सातव्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेले. तिथे मायेला काही कमी नव्हतं. पण बाहेर कोळशाचा धूर, म्हणून खिडकी उघडायची नाही. परत आल्यावर सासूबाईंनी आधी गेरच्या माथ्यावरचं भोक सताड उघडायला लावलं आणि बर्फ आत पडत होतं तरी त्याखाली बसून राहिल्या. ‘शहर’ हा शब्द त्यानंतर त्यांनी तोंडातून काढला नाही.

उन्हाळ्यात दीर आले तेव्हा त्यांनी गोंबोला स्पष्ट सांगितलं, "तुम्ही हिवाळ्याच्या जागी निघाल त्या दिवशी मी येईन. एकोणसत्तर न थांबता खिंड चढली तर आई तुमच्याकडे राहील. नाही चढली तर मी घेऊन जाणार. बर्फात तिला काही झालं तर काय उंटावर घालून आणशील?"

गोंबोला ते पटलं. खरं तर मलाही पटलं, आणि ते माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

त्या खेपेला दिरांनी भेटी आणल्या होत्या. मला विजेरी, आईला गुडघ्याचं मलम, आणि एकोणसत्तरला पेट्रोलच्या टाकीचं नवं चकचकीत झाकण, कारण इतकी वर्षं आम्ही तिथे चिंधीच कोंबत होतो. घरात नवी वस्तू आली की सासूबाई तिला लोण्याचं बोट लावतात. नवं खोगीर असो, नवी किटली असो, नवं बाळ असो. झाकणालाही लावलं आणि पुटपुटून आशीर्वाद दिला, "पोटभर खा, लांब जा."

मग हा खोकला सुरू झाला आणि गोंबोने एकोणसत्तर उघडली.

नवऱ्याचं कौतुक तोंडावर करायची मला सवय नाही, म्हणून इथे करते. तो सासऱ्यांचा जुना अंगरखा जमिनीवर पसरतो आणि काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वायसर ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने त्यावर मांडतो. त्या अंगरख्यावरून कोणी पाय टाकून जायचं नाही. आमच्याकडे टोपीवरून जसं कोणी जात नाही, तसंच. वारा असा की चहाच्या वाटीत वाळू पडावी, पण हा कार्ब्युरेटरच्या इवल्या भोकांत घोड्याच्या शेपटीचा केस घालून ती साफ करत बसणार. पंपाचं पॅकिंग फाटलं तर स्वतःच्या बुटाचं चामडं कापलं, चरबीत भिजवलं आणि बसवलं. बूट उघडा पडला त्याचं काही नाही. चिडणं, पाना आपटणं, शिवी देणं, काहीही नाही. मी असते तर पहिल्याच दिवशी जीपला लाथ घातली असती.

शेजारचे बाजार नावाचे काका मोटरसायकलवरून रोज सल्ला द्यायला यायचे. "पॉइंट गेले असतील." गोंबोने ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. "प्लग बघ." प्लग पाहिले. "गोंबो, मेलेल्या घोड्याला कोणी नाल ठोकतं का?"

"काका, तुमची मोटरसायकल मागच्या वर्षी मेली होती," गोंबो म्हणाला. "आता कशावर बसून आलात?"

काकांनी दात काढले आणि चहा मागितला.

गंमत अशी की प्रत्येक उपाय लागू पडायचा. चढावर गाडी बंद पडली की गोंबो आधी टाकीचं झाकण उघडून विलोच्या झाडाची काडी बुडवायचा, पेट्रोल आहे ना ते बघायचा, झाकण लावायचा. मग कार्ब्युरेटरचं भोक, म्हणजे जेट, फुंकायचा किंवा पॉइंट पुसायचा, आणि ती चालू व्हायची. "बघ, जेट होतं." दुसऱ्या दिवशी, "बघ, पॉइंट होते." तिसऱ्या दिवशी पंप. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि रोज नवा संन्यासी सापडत होता. त्या सगळ्या गाडीत नवी वस्तू एकच होती, म्हणून तिच्यावर कोणाचा संशय नव्हता.

इकडे सासूबाई गप्प बसायच्या नाहीत. गाडी निघाली की चाकांवर पळीने दूध शिंपडायच्या आणि झाकणाला लोण्याचं ताजं बोट. "जिथून खाते तिथेच लावावं," म्हणायच्या. खोकला वाढला तसं लोणीही वाढलं. पण त्या रात्री कूस बदलत असायच्या ते मला ऐकू यायचं.

दीर येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी वारा पडला. आमच्याकडे असं क्वचित होतं. मी गोंबोबरोबर शेवटची फेरी मारायला गेले होते. चढावर खोक, खोक, बंद. तो खाली उतरला, झाकण फिरवलं, आणि त्या शांततेत मला ऐकू आलं, सूऽऽस.

"हे काय?" मी म्हटलं.

गोंबो जागच्या जागी उभा राहिला. मग काडी टाकून दिली, झाकण परत लावलं, बॉनेटला हातही न लावता आत येऊन स्टार्टर दाबला. चालू! पुढे गेलो, पुन्हा बंद. पुन्हा झाकण, पुन्हा सूऽऽस, पुन्हा चालू.

"श्वास घेतेय," तो म्हणाला. "पेट्रोल निघतं तेवढी हवा आत जायला हवी ना. जातच नाहीये."

झाकण उलटसुलट करून पाहिलं. वर लोणी आणि धूळ यांचं गिलाव्यासारखं कडक पुट बसलं होतं. खोगिराच्या सुईने त्याने ते खरवडलं, तर खाली टाचणीएवढं भोक. इतकी वर्षं चिंधीतून हवा जात होती. चांगलं झाकण आलं आणि आम्ही ते आशीर्वादाने बुजवलं.

आधी मी पोट धरून हसले, मग भडकले. "इतके दिवस बुटाचं चामडं कापतोयस! आता जाऊन आईंना सांगते."

"काही सांगायचं नाही," गोंबो म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो करडा होता. "तिला कळलं की तिच्या हातानेच तिला शहरात धाडलं असतं, तर ती पुन्हा कशाला बोट लावेल?"

खरवडलेलं लोणी त्याने मातीत टाकलं नाही. आमच्याकडे पांढरं अन्न, म्हणजे दूध-लोणी, टाकत नाहीत. ते त्याने स्टिअरिंगला चोळलं आणि म्हणाला, "उद्या तिचं बोट अडवायचं काम तुझं."

आणि मी ते चुकवलं. सकाळी दीर त्यांची पांढरी मोठी जपानी गाडी घेऊन आले, आईचं गाठोडं त्यांनी आधीच आपल्या गाडीत ठेवलं आणि मला अंथरूण बांधायला बोलावलं. मागे वळून पाहते तर सासूबाई एकोणसत्तरच्या उजव्या, झाकणाच्या बाजूने येत होत्या, हातात लोण्याची वाटी, बोट चकाकतंय. दिरांच्या समोर काय बोलणार? सासूबाई पुढे बसल्या, मी मागे. गोंबोने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. त्याला कळलं. तो उतरून झाकण पुसू शकला असता. आईच्या डोळ्यांदेखत त्याला ते जमलं नाही.

माळ संपला, चढ लागला. पांढरी गाडी मागे होती. खोकल्याची ती जागा आली आणि मी दोरीचं दार घट्ट धरलं. एकोणसत्तर गुरगुरत राहिली. जागा मागे पडली. पुढचं वळण, मग त्याच्यावरचं वळण, मग निळी फडकी बांधलेला खिंडीतला दगडांचा ढीग दिसला. गोंबोच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

वर पोचल्यावर आम्ही सगळे उतरलो आणि ढिगाला प्रदक्षिणा घातल्या. दिरांनी मोकळ्या मनाने भावाच्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुला. काय झालं होतं तिला?"

"धूळ होती, दादा," गोंबो म्हणाला.

"धूळ कसली," सासूबाई म्हणाल्या. "माझं लोणी होतं."

मी गोंबोकडे पाहिलं, गोंबोने माझ्याकडे.

"मी झाकणाला लावलेलं लोणी स्टिअरिंगला कसं पोचलं? सकाळी तुम्ही बांधाबांधीत होतात तेव्हा आत बसून स्टिअरिंग धरलं, तर हात चिकट. मग उतरून झाकण बघितलं, मधे भोक. इतके दिवस मला दिसलं नाही." त्या मला म्हणाल्या, "आणि तू काय अशी बघत होतीस? भोवतीने लावलं मी. बाळाच्या कपाळाला लावतो, नाकात भरतो का?"

मला हसूही आलं आणि रडूही. दीर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आई, गाडी चढली, मी शब्द मोडणार नाही. पण तरी चल ना. तिथे ऊब आहे, मी आहे. तुला काही झालं तर माझा जीव जाईल गं."

सासूबाईंनी वाटीत बोट बुडवलं आणि त्यांच्या कपाळाला लावलं. पन्नाशीचा बाप्या, पण वाकून उभा राहिला.

"तुझी माया मला कळते, त्सेवेन. लाव, भरपूर लाव. पण जरा बाजूने लाव रे. भोकावर नको."

दीर पांढऱ्या गाडीकडे गेले, गाठोडं काढून आणलं, एकोणसत्तरच्या मागे ठेवलं आणि दाराची दोरी स्वतः आवळून बांधली.