लवंग नसलेला विडा

जोगासिंग विळे-पावशा करतो. त्याचा आजा सोनाळ्यात आला तेव्हापासून त्यांचा भाता इथंच. पगडी, दाढी, कमरेला किरपाण आणि तोंड उघडलं की अस्सल वऱ्हाडी. माझा जिगरी दोस्त. आणि त्याचा घात केला तो मीच.

माझ्या पुतण्याच्या लग्नात ताटात दोन तऱ्हेचे विडे होते. लवंग टोचलेला साधा, बिनलवंगेचा तंबाखूचा. गप्पांच्या नादात मी त्याला चुकीचा दिला. एकदा चावून त्यानं तो लगेच थुंकून टाकला, चूळ भरली, पण चेहरा उतरला तो उतरलाच.

"भगवानराव, अमृत घेतलेल्याले तंबाखू चालत नाही. लय मोठी चूक झाली."

माझं धाबं दणाणलं. दुसऱ्याच दिवशी त्याची लेक सिमरत गुरुद्वारात अमृत घेऊन खालसा होणार होती. अमृत देणाऱ्या पाच प्याऱ्यांत जोगासिंग होता. लेकीच्या ओंजळीत आपल्या हातानं अमृत घालायचं, म्हणून वर्षभर तो दिवस मोजत होता.

"थुकला ना बे! पाह्यलं कोनं? मी तं सांगत नाही."

"मले तं मालूम हाय ना," तो म्हणाला.

असा राग आला मला! एवढं ताणायचं काऊन?

सकाळी डोक्याला रुमाल बांधून मीही गुरुद्वारात गेलो. त्यानं बाकीच्या चार प्याऱ्यांपुढं हात जोडून सगळं सांगितलं, फक्त माझं नाव गाळलं. मला राहवेना. "विडा म्या देल्ला! शिक्षा मले द्या!"

त्यांच्यातले म्हातारे बाबा हसले. "विडा तुमी देल्ला भाऊ. वचन यानं देल्लं होतं."

त्याच्या जागी दुसरा प्यारा उभा राहिला. जोगासिंगनं पुन्हा अमृत घ्यायचं ठरलं, नवख्यांच्या रांगेत. पोरगी शरमेल असं मला वाटलं. सिमरत सरकली आणि म्हणाली, "बापू, इथं या, माह्याजवळ."

दार लागलं. अमृत देणाऱ्या-घेणाऱ्यांशिवाय आत कुणी थांबत नाही. मी पायरीवर बसलो, जीव टांगणीला.

दोघं बाहेर आली तेव्हा जोगासिंगची दाढी ओली होती आणि छाती वीतभर फुगलेली.

"उरलेलं अमृत एकाच लोखंडी बाट्यातून सारे पेतात, भगवानराव. पोरीनं घोट घेतला अन् बाटा माह्या हाती देल्ला. मी तिले देनार होतो, तिनं मले देल्लं."