हात सोडवला

रस्त्याच्या मधोमध एक चप्पल पडली होती – बायकी, उजव्या पायाची, निळ्या पट्ट्याची – आणि स्कूटरींचा लोंढा तिला न चिरडता दोन्ही अंगांनी वाट काढत चालला होता. फुटपाथच्या कडेला उभी राहून ती त्या चपलेकडेच बघत विचार करत होती, की जिची असेल ती बाई एका अनवाणी पायाने पलीकडे पोचली असेल, का... तेवढ्यात नवऱ्याने तिचा हात धरला.

"चल. थांबायचं नाही आणि पळायचंही नाही."

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने सकाळी फोनमधल्या भाषांतराच्या बाईकडून हेच वदवून घेतलं होतं : चालत राहा, ते तुम्हाला चुकवतील. या शहरात सिग्नल नुसते शोभेला होते. लेकीने हौसेने ही सहल काढून दिली होती खरी, पण आल्यापासून ती नवऱ्याच्या बोटाला धरूनच हिंडत होती. पाट्यांवरची अक्षरं तिला वेलबुट्टीसारखी दिसत आणि कोणी काही विचारलं की तिच्या तोंडून खुळ्यासारखं मराठीच बाहेर पडे. हसून हसून गाल दुखायला लागले होते. आता ती खाली उतरली, एक स्कूटर पुढून गेली, एक मागून, तिसरीवर चक्क कपाट बांधलेलं होतं – आणि दोघं मध्यावर आली असतील नसतील, तोच वळणावरून एक बस तिरकी आत घुसली आणि तिच्या हातातून त्याचा हात गेला.

गेला... म्हणजे नव्हताच. पंजा उघडा राहिला, आणि बसचा गरम वारा तिची ओढणी घेऊन तोंडावर फुटला. ओढणी बाजूला केली तेव्हा नवरा पलीकडच्या फुटपाथवर होता. पळत गेला होता. ती तिथेच, खांबासारखी, आणि लोंढा तिच्या दोन्ही अंगांनी. मग सायकलवर फुलांचे भारे लादून चाललेल्या एका बाईने तिचं कोपर धरलं आणि एक शब्द न बोलता तिला पलीकडे नेलं. तिथे मात्र ती बाई थांबली. नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, आवाज न चढवता, काहीतरी बोलली – दोनतीनच वाक्यं – आणि गेली.

"काय म्हणाली हो ती?"

"मला काय ठाऊक. फुलं घ्या म्हणत असेल." मग तिची ओढणी सारखी करत तो म्हणाला, "पण तू असा हिसका देऊन हात का सोडवलास? केवढ्याला पडलं असतं!"

हिसका? मी दिला?... जन्मभर शिवणाचे वर्ग घेतलेले तिचे हात. झिजून सुटलेला टाका कोणता आणि कातरीने तोडलेला कोणता, हे दोऱ्याच्या टोकाला बोट लावलं की तिला कळे. पण नवऱ्याची नोकरीही विमा कंपनीतली, अपघातांचे दावे तपासण्याची. चूक कोणाची, हे ठरवण्यात त्याची हयात गेलेली. त्याच्यापुढे आपलं बोट काय सांगणार?

जुना राजवाडा बघताना एक आपल्याकडचं जोडपं भेटलं, त्यांना त्याने रस्त्याची गोष्ट सांगितली. त्यात ती बावचळली होती. दुपारी चहाच्या दुकानात आणखी कोणी भेटलं, तेव्हा तो तिला ओरडून सावधही करत होता. खोटं बोलताना त्याची नजर हलते, हे तिला इतक्या वर्षांत पाठ होतं. ती हलत नव्हती. त्याला ते तसंच आठवत होतं.

त्याआधी, राजवाड्याच्या अरुंद जिन्यात त्याने हात पुढे केला होता – "पायरी बघ" – आणि तिचं पाऊल वरच्या वर राहिलं होतं. जिना. सासऱ्यांना, आप्पांना, तो असाच धरून खाली उतरवत होता, तेव्हा ते पडले. आप्पांनी हाताला हिसका दिला गं, म्हणाला होता... हाच शब्द, हाच आवाज. दोन वर्षं बापाचं हगणंमुतणं काढलेल्या मुलावर कोण शंका घेणार? डॉक्टरांनी घेतली नाही, नणंदेने घेतली नाही, मी तरी कुठे घेतली? मोडल्या खुब्याने अंथरुणावर पडलेले आप्पा, तिच्या हातची पेज पिता पिता म्हणाले होते, "त्याला काही म्हणू नकोस हं. दमतो तो." तिला वाटलं, भिजलेल्या चादरीबद्दल म्हणताहेत. त्यानंतर आप्पा फार दिवस राहिले नाहीत.

त्याच्या मनात काही नसणार. म्हणूनच तर... मनात काही असतं तर चेहऱ्यावर दिसलं असतं. पण हात नुसताच उघडतो, आणि त्यालाही त्याचा पत्ता नसतो.

संध्याकाळी खोलीवर लेकीचा व्हिडिओ कॉल आला. त्याने पुन्हा सगळं साग्रसंगीत सांगितलं. लेक हसली नाही. स्क्रीनच्या जवळ आली.

"आई, खरंच तू हात सोडवलास?"

बोलायला पुरेसा वेळ होता. नवरा फळाची साल काढत होता, तिच्यासाठीच, बिया वेचून. पुढच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. मग काही महिने पलंगावरून उतरायचं तेसुद्धा ह्यांनाच धरून. लेक परगावी, तिची नोकरी, तिचं तान्हं.

"हो गं," ती म्हणाली. "मीच सोडवला. ह्यांना काही म्हणू नकोस, आधीच दमलेत."

स्वतःचा आवाज तिच्या कानावर पडला, म्हातारा, समजूतदार, आणि तो आधी कुठे ऐकलाय हे तिला विचारावं लागलं नाही.

फोन ठेवल्यावर त्याने तिच्या गुडघ्याखाली उशी सारली, नीट, कोपरा दुमडून. उद्या टेकडीवरचा बुरूज बघायचा, म्हणाला. पायऱ्या बऱ्याच आहेत म्हणे, पण मी आहे ना.

ती बरं म्हणाली. खाली हॉर्न वाजतच होते. सकाळची भीती तिने मनात चाचपून पाहिली, ती सापडेना. त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि तिने डोळे मिटले. आप्पांनाही शेवटी शेवटी असंच बरं वाटत असेल.