गाडीखालचा कंदील

दोन बैल, दोन माणसं, गवताच्या चारशे पेंढ्या आणि एक दिवा. त्या रात्री आमच्या गाडीवर एवढंच होतं. मित्रांनो, तो दिवा म्हणजे मी. तलासरीच्या बाजारात १९५४ साली घेतलेला, आता पोचे पडलेला एक जुना कंदील.

आठ वर्षं माझी जागा ठरलेली होती. झरीचा लाहू मला गाडीच्या आसाला, दोन चाकांच्या मध्ये टांगायचा. तिथे वारा लागत नसे, आणि पोलिसाने हटकलं तर दिवा दाखवता येई. "माझा कंदील वाटेत कधी विझला नाही," असं तो सगळ्यांना सांगे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

१९६२ची होळी नुकतीच झाली होती. आम्ही डहाणूच्या वखारीला गवत घेऊन निघालो होतो. दुपारचं ऊन बैलांना सोसत नाही, म्हणून गवताच्या गाड्या रात्रीच चालत. लाहू पुढे बसून हाकत होता. त्याची बायको गंगी गवतावर, अगदी मागच्या टोकाला झोपली होती. गवत मागून इतकं खाली लोंबत होतं, की माझा उजेड त्यातच अडकत होता. हे कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. माझ्याही नाही.

मागून ट्रकचा आवाज आला. आधी बारीक, मग रस्ता थरथरू लागला. गवताच्या काड्यांमधून पिवळा उजेड माझ्या काचेवर पडला आणि वाढतच गेला. वेग कमी होत नव्हता. मला ओरडता येत नाही. मी नुसता जळत राहिलो. मग ब्रेक किंचाळले, खडी उडाली, बैल बिथरले. ट्रक थांबला तेव्हा त्याचं तोंड आणि गंगीचे पाय यांच्यात दोन हात अंतर उरलं होतं.

खाली उतरला तो धाकटी डहाणू गावचा दौलत. मासळी पोचवून रिकाम्या टोपल्या घेऊन परतत होता.

"अरे, दिवा कुठाय तुझा? मला वाटलं, रस्त्याकडेचं गवतच आहे!"

"आहे ना दिवा. खाली बघ तू."

"खाली? मी काय बेडूक आहे?"

"डोळे मिटून हाकत असशील!"

वरून गंगी म्हणाली, "मी जिवंत आहे अजून. भांडा मग. दिवा दिसतो का, ते आधी मी बघते."

तिने दौलतला ट्रक पुढे नेऊन दिवे मालवायला लावले आणि ती रस्त्याने मागे चालू लागली. चौदाव्या पावलालाच तिचा आवाज आला, "नाही दिसत!"

माझा आठ वर्षांचा अभिमान चौदा पावलांत संपला.

लाहूने मला आसावरून सोडलं, पंच्याने काच पुसली. दौलतने ट्रकमधला एक बांबू दिला. तो गवताच्या बाहेर काढून बांधला आणि टोकाला मला टांगलं.

"वाऱ्याने विझेल," लाहू पुटपुटला.

वारा लागलाच. ज्योत आडवी झाली, पण मी टिकलो.

मित्रांनो, दिवा आपल्यापाशी आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. त्याची काच पुसा. एकदा गाडीतून उतरून मागे चालत जा आणि तो तिथून दिसतो का, ते बघा.

गंगी पुन्हा निघाली. ती वीस-वीसचे गट करून मोजत असे. हळूहळू तिची पावलं ऐकू येईनाशी झाली. रस्ता जिथे वळतो, तिथून तिची हाक आली.

"इथवर दिसतो! सात विसा आणि अकरा!"

म्हणजे एकशे एक्कावन्न पावलं.