आईच्या अंगठीचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. जागा दोघांपुरती, छप्पर कापडी, आणि उंची इतकी कमी की शेजारी मोठा कुत्रा उभा राहिला तर तोच मला वरून न्याहाळतो. माझ्यासारख्या गाड्या लोक झाकून ठेवतात आणि सुटीच्या दिवशी बाहेर काढतात. मी मात्र रोज कामाला जाते. मध्यंतरी काही काळ गेले नाही. त्याच दिवसांबद्दल मला सांगायचं आहे, कारण ते आठवले की अजूनही ओशाळल्यासारखं होतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी गर्द हिरवी होते. माझे पहिले मालक डॉक्टर होते. ते मला चालवण्यापेक्षा पुसतच जास्त असत. त्यांच्याकडून मला एका घड्याळजीने विकत घेतलं. शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं, पण त्याने मनावर घेतलं नाही. पहिल्याच सकाळी बायकोला शेजारी बसवून तो माझ्यातून दुकानात गेला. पुढे तो वारला. दुकान मुलाकडे आलं, त्यासोबत मीही आले. मुलगा आत डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करी. आई पुढे गल्ल्यावर बसे आणि घड्याळ तयार होईपर्यंत गिऱ्हाइकाला बोलतं ठेवी.

आईचे गुडघे दुखत. माझ्यात बसणं तिला सोपं नव्हतं. ती म्हणे, या गाडीत कुणी बसत नाही, विहिरीत उतरावं तसं उतरावं लागतं. तिची पद्धत ठरलेली होती. माझ्याकडे पाठ करायची, उघड्या दाराचा वरचा काठ घट्ट धरायचा, हळूहळू खाली बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. काठ धरताना तिची अंगठी रोज एकाच जागी घासे. तिथला रंग केव्हाच गेला होता. पत्रा उघडा पडला होता, पण रोज हात फिरत असल्यामुळे त्यावर गंज कधी चढला नाही.

मला त्या जागेची लाज वाटे. बॉनेट फिकं झालं होतं, चाकांच्या वर पोपडे सुटले होते, आणि त्यात हा चट्टा. सिग्नलला नवी गाडी शेजारी थांबली की तिच्या चकचकीत दारात मला माझंच रूप दिसे. त्यामुळे मुलगा मला रंगाऱ्याकडे घेऊन गेला, तेव्हा मला कोण आनंद झाला.

रंगाऱ्याने माझे दिवे काढले, कड्या काढल्या, रंग पत्र्यापर्यंत खरवडला. दाराच्या काठापाशी तो थांबला. इथे पत्रा झिजलाय, भरून घेऊ का, असं त्याने विचारलं. मुलाने तिथून बोट फिरवलं. त्याला काहीतरी आठवलं असावं, कारण तो जरा घुटमळला.

"भरा," तो म्हणाला. "सगळं गुळगुळीत पाहिजे."

मी खूश झाले. तीच खुशी आज मला टोचते.

रंग झाला. आरशासमोर उभं राहावं तशी माणसं माझ्यासमोर उभी राहू लागली. किल्ली देताना रंगाऱ्याने उरलेल्या रंगाची बाटली दिली आणि बजावलं, "जपा. पहिला ओरखडा आला की माझ्याकडे रडत येऊ नका."

दुसऱ्या दिवशी आई पिशवी घेऊन आली. तिने पाठ केली आणि हात मागे नेला.

"आई, थांब. आधी अंगठी काढ."

सांधे सुजलेले होते. अंगठी निघेना. साबण लावून झाला, तरी ती जागची हलेना. आई म्हणाली, ही आता माझ्याबरोबरच जायची. काठ न धरता बसणं तिला जमेना. मग मुलाने ठरवलं की रंग पक्का होईपर्यंत बसने जायचं. मला नवीन कोरं आवरण घातलं गेलं. रंग पक्का झाला, तेव्हा पावसाची भीती होती. पाऊस संपला, तेव्हा दुकानासमोर धूळ फार होती. कारण काही ना काही सापडत गेलं.

आवरणाखालून मला आईची काठी ऐकू येई. पूर्वी ती बोलत बोलत घरी येत असे. आता न बोलता येई आणि घराच्या खालच्याच पायरीवर बसून राही. मी तिच्या समोर होते, कोरडी, चकचकीत. कुणी आवरणाचं टोक उचलून वाहवा करून गेलं की मी तीही ऐकून घेई.

एकदा बसमधून उतरताना आईचा पाय मुडपला. गुडघा फुगला आणि दुकान बंद झालं, तिच्यापुरतं. ती दिवसभर खिडकीत बसे. मुलगा एकटाच जाई. गिऱ्हाइकं तुझी चौकशी करतात, असं तो घरी आल्यावर सांगे.

सूज उतरली त्या सकाळी मुलगा घराला कुलूप लावत होता. आई काठी टेकत थेट माझ्याकडे आली. तिने आवरण ओढून खाली टाकलं, दार उघडलं, पाठ केली आणि काठ धरला. कर्र असा आवाज झाला. मुलगा किल्ली हातात धरून पाहत राहिला. आई खाली बसली, दोन्ही पाय आत घेतले आणि मग ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"आला पहिला ओरखडा. आता कसली वाट बघतोस?"

तो दारापाशी उकिडवा बसला. "चुकलं माझं, आई."

"ते माझ्या गुडघ्याला सांग. आधी गाडी काढ, उशीर होतोय."

त्याने किल्ली फिरवली आणि मी चालू होईना. इतके दिवस उभी राहून माझी बॅटरी बसली होती. आईने एवढं केलं आणि ऐन वेळी मीच पाय मागे घेतला, याची मला फार शरम वाटली. शेवटी शेजारी धावून आले. इतके दिवस हात मागे बांधून माझं कौतुक करणारी तीच माणसं पाठीमागून ढकलू लागली. कोपऱ्यावर मी चालू झाले, तेव्हा माझ्या नव्या रंगावर सगळीकडे तळहातांचे ठसे होते.

रंगाची ती बाटली आजही दुकानाच्या खणात आहे. आतला रंग सुकून गेलाय. ओरखडा रुंदावत गेला आणि तिथला पत्रा पुन्हा चमकू लागला.

मित्रांनो, आपल्या वस्तू जरूर जपा, पुसा, वेळच्या वेळी दुरुस्त करा. पण एखादी वस्तू जपण्यापायी घरातल्या कुणाला पायपीट करावी लागत असेल, तर तिच्यावरचं आवरण काढा. आवरण काढा, मला वापरा, असं वस्तूला बोलून दाखवता येत नाही. मलाही आलं नव्हतं. आता सकाळी दार उघडलं की मी त्या कर्र आवाजाची वाट बघते.